वऱ्हाडात नेलेले बटाटे आणि अर्धी पाटी खत

बटाट्याच्या दोन गोण्या घेऊन निघालेला माणूस प्रवासात मोकळा नसतो. त्यांना ऊन लागू द्यायचे नाही, ओल लागू द्यायची नाही, आणि कितीही गर्दी झाली तरी त्यांच्यावर कोणाला बसू द्यायचे नाही. घरातले आजारी माणूस वैद्याकडे न्यावे तशा त्या गोण्या मी खेडाहून अकोल्यापर्यंत नेल्या. आगगाडी त्या वर्षी जिथवर गेली होती तिथवर आगगाडीने आणि पुढे भाड्याच्या बैलगाडीने. त्या वाटेबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. धूळ आणि अंगदुखी सगळीकडे सारखीच.

जाण्याचे कारण माझा धाकटा भाऊ गणपत. काही वर्षांपूर्वी तो गाडी घेऊन कापूस वाहायला वऱ्हाडात गेला आणि तिकडेच राहिला. अकोल्याच्या पूर्वेला एका गावात उकर्डाजी नावाचे माळी आहेत. त्यांची बायको वारलेली, मूल एकच, मुलगी सरू. त्यांनी गणपतला घरजावई करून घेतले. कोरडवाहू जमिनीत ते कपाशी करतात, आणि विहिरीखाली पाऊण बिघ्याचा तुकडा आहे त्यात भाजीपाला. अशा बागायत तुकड्याला तिकडे वाडी म्हणतात.

गणपतने त्या वाडीत आमच्याकडच्यासारखे बटाटे करायचे मनात घेतले. पहिल्या वर्षी फसले. कसे फसले ते पुढे सांगतो. सासऱ्याने त्याला सांगून टाकले की अजून एकदा करून पाहा, यंदाही जमले नाही तर वाडीत कपाशी पेरू आणि मोटेचे बैल काढून टाकू. कापसाला तेव्हा असा भाव होता की तुळशीवृंदावन तेवढे सोडून बाकी सगळीकडे लोक सरकी टोचत होते. गणपतला मोट, पाट आणि वाफे यांच्यापलीकडे काही सुचत नाही. वाडी गेली असती तर तो पुन्हा भाड्याची गाडी हाकत मुलूखभर फिरला असता, आणि त्याची बायको एकटी पडली असती. तिची दोन लेकरे आधीच गेली होती आणि ती आता तिसऱ्यांदा गरोदर होती. म्हणून बियाणे कोणाबरोबर पाठवण्याऐवजी मीच घेऊन गेलो. आठवड्यात परत येतो, असे घरी सांगितले होते.

अकोला

अकोल्यात कापूस दिसण्याआधी नाकात जातो. बाभळीच्या काट्यांना, घरांच्या कौलांना, बैलांच्या पापण्यांना सगळीकडे तंतू चिकटलेले. मोर्णा नदीच्या काठी आमची गाडी थांबली तेव्हा माझ्या पागोट्यावरही बारीक बर्फासारखा थर बसला होता.

गणपत न्यायला आला होता. गोण्या उतरवताना एकीच्या बुडाला ओल लागलेली दिसली. मी तिथेच घोंगडी पसरली आणि एकेक बटाटा हातात घेऊन निवडायला लागलो. सडका लागला की त्याच्या शेजारचे चार पुसून वेगळे ठेवायचे, ही माझी रीत. शेजारच्या ओसरीत बायका चरख्यावर कापसातून सरकी काढत होत्या. त्यांच्यातली एक वयस्कर बाई काम सोडून येऊन उभी राहिली.

"हे काय होय, बावा?"

"बटाटे. बियाण्याचे."

"आलू होय ना. मंग असे काहून चाचपून राहिले, लेकराच्या डोक्यावानी?"

"यांना डोळे असतात. डोळा दुखावला तर उगवत नाही."

तिने एक उचलून नाकापाशी नेला, मग माझ्यासारखाच अलगद खाली ठेवला. "जिवंत हाय म्हना की," असे म्हणून ती परत चरख्यावर बसली. एकूण नऊ बटाटे टाकावे लागले. एवढ्या प्रवासाच्या मानाने फार नव्हेत.

ओसरीमागे सरकीचा ढीग माणसाच्या डोक्याहून उंच होता. तो पाहून गणपतने मान फिरवली. मी कारण विचारले तेव्हा गाडीत बसल्यावर त्याने मागच्या वर्षीची हकीकत सांगितली.

बटाट्याला खत भरपूर लागते हे त्याला ठाऊक होते. पण वऱ्हाडात खत मिळेना. कोणीतरी सांगितले की सरकीही कुजली की खतच. ते खोटे नाही. गणपतने गाडीभर ताजी सरकी आणली, सऱ्यांमध्ये पसरली, तिच्यावर बटाट्याच्या फोडी मांडल्या आणि पाणी सोडले. कुजायला तिला वेळच दिला नाही. सरकी म्हणजे शेवटी कपाशीचे बी. आठ दिवसांत वाडीभर कपाशी उगवली, अशी दाट की मेथीचा वाफा वाटावा. खाली सरकी तापली आणि निम्म्या फोडी शिजल्या. उरलेल्यांना आले ते सुपारीएवढे.

"गावातले लोक दोन दिवस नुसते बघायला येत होते, दादा," गणपत म्हणाला. "शेजारी तुळशीराम आहे, तो मामंजींना म्हणाला, उकर्डाजी, तुमच्या जमिनीनंच सांगतलं तिले काय पायजे ते."

मला हसू आले आणि लगेच वाईटही वाटले, कारण तो स्वतः हसत नव्हता.

वाडी

उकर्डाजी साठीच्या पुढचे, उंच, हाडापेराचे. मी वाकून रामराम केला तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता गोण्यांकडे पाहिले.

"या पाव्हने. बसा. हे आलू कपाशीचं पीक देतेत का?"

"यंदा बटाट्याचेच देतील."

"पाहू," ते म्हणाले आणि माझ्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

सरूने पदर नाकापर्यंत ओढलेला होता. आमच्याकडे भावजय मोठ्या दिरापुढे डोक्यावर पदर घेते, पण वाढताना दोन शब्द बोलते. वऱ्हाडात मोठ्या दिराला भासरा म्हणतात आणि त्याच्याशी भावजय अवाक्षर बोलत नाही. काही सांगायचेच झाले तर ते तिसऱ्याला उद्देशून. घरात तिसरे कोणी नसले तर सरू ते गोठ्यातल्या कपिला गाईला सांगे. "कपिले, पाव्हन्याले भाकर अजून एक पायजे का, पूस बरं." कपिला रवंथ करी आणि मी गाईला सांगे की पोट भरले आहे. पहिल्या दिवशी मला संकोच वाटला. नंतर सवय झाली, आणि खरे सांगायचे तर गाईमार्फत माणूस जरा जपून आणि गोड बोलतो.

जेवणाला त्या दिवशी रोडगे होते. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून फोडायचे, वर तूप, सोबत तुरीचे वरण आणि वांग्याची भाजी. मी तीन खाल्ले. पण खाताना माझी नजर गोवऱ्यांच्या आरावर जात राहिली. एवढे शेण आमच्याकडे एका सरीला पुरले असते.

"कपिले," सरू म्हणाली, "पाव्हन्याले सांग, रोडगा खाताना शेन मोजू नये."

गणपत ठसका लागेपर्यंत हसला. सासऱ्यांच्या मिशाही हलल्या.

दुसऱ्या दिवशी वाडी पाहिली. मागच्या वर्षी मी निरोप धाडला होता त्याप्रमाणे पावसाळ्यात गणपतने मूग केला होता, शेंगा तोडून वेल जमिनीत नांगरले होते. माती काळी, हातात घेतली तर मऊ. आमची माती हलकी, तांबूस. ती खत खाऊन लगेच विसरते. ही तशी नव्हती, पण तीही फार दिवस उपाशी होती. आमच्या खेडाच्या भागात बटाट्याआधी मूग किंवा ताग करतात, बटाट्याला मुबलक खत घालतात, आणि त्यातले जे उरते त्यावर पुढचे पीक येते. बटाट्याच्या वरंब्याच्या कडेला मेथी, पाटाच्या काठाने मुळा. मेथी महिन्यात निघते, तोवर बटाट्याला जागा नको असते. एकाच खतावर तीन घास. हे सगळे मी उकर्डाजींना बांधावर बसून सांगितले.

"आमच्या इकडेबी होतं तसं," ते म्हणाले. "कपाशीच्या दहा ओळीले तुरीची एक ओळ. तुरीचा पाला पडे. मंग पुढल्या साली जवारी. आता तुरीची ओळ कोनी ठेवत नाही. तेवढ्या जागेत कपाशी येते ना."

"आणि ज्वारी?"

"कोन पेरते जवारी. इकत घेतो."

मग मला खत का मिळत नाही ते समजले. ज्वारी नाही म्हणून कडबा नाही. कडबा नाही म्हणून जनावरे कमी, आणि आहेत ती अर्धपोटी. पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचे, जळण पावसाळ्यापर्यंत पुरते, पुढे चुलीत शेण जाते. गावात फिरून मी चौकशी केली. पाऊण बिघ्याला निदान आठ गाड्या कुजलेले खत हवे होते. सगळ्या गावात मिळून दोन गाड्यांचीही सोय होईना.

आणि उकर्डाजींच्या घरामागे उकिरडा होता. चांगला रुंद, छातीएवढा उंच, वरून गवत उगवलेला. काठीने टोचले तर आत काळेभोर, भुरभुरीत, कसलाही वास नसलेले खत. माझ्या अंदाजाने नऊ-दहा गाड्या. माझा जीव भांड्यात पडला. मी धावत गणपतला गाठले. त्याने खाली पाहिले.

"तो नाही दादा. त्याला मामंजी हात लावू देत नाहीत. सरू मोकळी होईपर्यंत तरी नाही."

"का?"

"त्यांनाच विचारा."

मी विचारले. उकर्डाजी एवढेच म्हणाले, "तो गुतलेला हाय, पाव्हने," आणि बैलांना पाणी दाखवायला उठून गेले. परक्या घरात पुन्हा तोच प्रश्न विचारायचा नसतो.

माझा आठवडा संपला. बटाटे मी गोठ्याच्या सावलीत एका थरात पसरून ठेवले होते. त्यांना मोड येऊ लागले होते, जाड आणि जांभळट, जसे हवेत तसे. अजून पंधरवडा थांबलो तर ते लांब आणि पांढरे होणार, लागवडीत मोडणार. उशिरा लावले तर बटाटा पोसायच्या वेळी वऱ्हाडचे ऊन सुरू होणार. खताशिवाय लावले तर पुन्हा सुपाऱ्या. मी रोज सकाळी त्यांना उलटेपालटे करी आणि सरूच्या चालीकडे न बघता बघे.

अमरावतीचा रस्ता

"बसल्या बसल्या आलूचे डोळे मोजून राहिले," उकर्डाजी मला म्हणाले. "चला अमरावतीले. कापूस घालून येऊ. सरूचे दिस भराले अजून येळ हाय, सुईन म्हनते."

गणपत घरी राहिला. आम्ही दोघे कापसाने भरलेल्या गाडीवर बसून निघालो. दोन्ही बाजूंना फुटलेली बोंडे क्षितिजापर्यंत. आमच्याकडे दर कोसाला पीक बदलते. इथे दिवसभर चाललो तरी गाडी जणू एकाच शेतात होती. भातकुलीला मुक्काम केला. सरूने जवसाची चटणी आणि भाकरी बांधून दिली होती, ती सोडली. बैल सोडून उकर्डाजी माझ्या शेजारी बसले आणि मी काहीच विचारले नसताना बोलू लागले.

"माह्या आंधी मायले तीन झाले. तिनई गेले. मी झालो तं मायनं मले पाचव्या दिशी उकिरड्यावर नेऊन ठेवलं. टाकलंच म्हना ना. वाटेनं पिंजाऱ्याची बाई चालली होती, तिनं उचललं. मायनं तिच्यापासून मूठभर कोंडा देऊन इकत घेतलं. टाकलेल्या लेकरावर सटवाई नजर ठेवत नाही. म्हनून हे नाव."

"आमच्याकडेही भिकू, दगडू ठेवतात."

"ठेवतेत. पन नाव ठेवून काय होते. उकिरडा पायजे." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच ठेवला. "सरूच्या पहिल्या खेपेले मी उकिरडा सारा उपसून कपाशीत टाकला होता. भाव होता ना. दुसऱ्या खेपेलेबी टाकला. दोनई येळेस ठेवाले जागा नव्हती. एक आठ दिवसाचं गेलं. दुसरं हसत होतं, मंग गेलं."

खताने काय होते आणि काय होत नाही याचे माझे विचार माझ्यापाशी आहेत, पण ते त्या वेळी सांगण्याचे नव्हते. छातीएवढा तो ढीग, वरचे गवत, कोणी हात लावू नये म्हणून भोवती घातलेले बाभळीचे काटे, सगळे मला नव्याने दिसले. तीन वर्षांचा केर आणि शेण त्यांनी चुलीतून वाचवले होते.

"मामा," मी म्हणालो, "बटाटे थांबतील."

"थांबतेत का?"

"थोडे दिवस थांबतील. मी त्यांना थंडाव्याला ठेवीन."

अमरावती कोटाच्या आत आहे. कापसाच्या बाजाराच्या दिवशी मात्र निम्मी अमरावती कोटाबाहेर असते. वेशीपासून नजर जाईल तिथवर सोडलेल्या गाड्या, बांधलेले बैल, त्यांच्यातून वाट काढणारे अडते आणि मापारी, मोठमोठ्याने चाललेले सौदे. एकाने आपल्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या होत्या. तो उकर्डाजींच्या शेजारचा तुळशीराम निघाला. त्याने मला बैल दाखवले, मी चांगले आहेत म्हणालो. शेंब्यांबद्दल काही बोललो नाही. बैलांच्या बरगड्या मोजता येत होत्या.

उकर्डाजी कापूस घालायला गेले आणि मी गाडीतळावर थांबलो. थोड्या वेळाने पायाखाली पाहिले आणि माझ्या डोक्यात लख्ख झाले. सगळ्या वऱ्हाडातले बैल इथे येऊन उभे राहतात, दोन-दोन दिवस राहतात. सगळ्या वऱ्हाडातले शेण इथे पडले होते. कोणी उचलत नव्हते. गाडीवाले येताना कापूस आणत होते आणि जाताना लुगडी, भांडी, दागिने नेत होते.

उकर्डाजी परत आले तेव्हा मी तळावरच्या एका म्हाताऱ्याकडून फावडे घेऊन आमची रिकामी गाडी निम्मी भरली होती. ते बघतच राहिले.

"पाव्हने, हे काय करून राहिले?"

"खत नेतो आहे."

"हे ओलं हाय. आलूले चालन का?"

"यंदा नाही. ओल्या शेणाने मुळे खाणारी हुमणी लागते. हे खड्ड्यात घालू. त्यात सरकी आणि राख मिसळू, पाणी मारत राहू. सरकी एकदा मेली की तिच्यासारखे खत नाही. पुढच्या दसऱ्याला तयार." मी जरा थांबून म्हणालो, "म्हणजे घरामागे उकिरडा कधी रिकामा राहणार नाही. एक उपसला तरी दुसरा असेल."

त्यांनी धोतर खोचले आणि दुसरे फावडे मागून आणले. शेजारच्या गाड्यांवरचे लोक हसत होते. उकर्डाजी मान वर न करता भरत राहिले, पण निघताना त्यांनी गाडीवर आपली घोंगडी टाकली.

गावाच्या वेशीपाशी तुळशीराम आमच्या आधी पोचून चिलीम ओढत बसला होता.

"काय आनलं, उकर्डाजी? पोरीले लुगडं आनलं का?"

उकर्डाजींनी घोंगडी उचलली. "तुह्याच बैलाईचं हाय. पाय, वयखू येते का."

पुन्हा वाडी

घरी पोचलो तर गणपत अंगणात उभा होता आणि नुसता दाराकडे हात करत होता. सुईण आतून म्हणाली, "दिसाआंधीच आली. पोट्टी हाय. रडते चांगली."

उकर्डाजी दाराबाहेरच खाली बसले. मुलगी झाली म्हणून कोणी चेहरा पाडला नाही, हे मला मुद्दाम लिहायचे आहे. त्यांनी फक्त विचारले, "सरू?" सुईण म्हणाली की सरू बरी आहे आणि तिला आंबील पाहिजे. मग ते उठले आणि घरामागे जाऊन काटे काढू लागले.

पाचव्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला बोलावले. "उद्या लेकरू तुमी उचला."

"मी? मी तर तिचा सख्खा चुलता. वाटेने जाणारा परका माणूस लागतो ना?"

"तुमी इथले नाही. सटवाईनं तुमाले कधी पाह्यलं नाही." आणि मग हळूच, "अन् तुमचा हात हलका हाय. आलू उचलताना पाह्यलं मी."

सकाळी उन्हे अंगणात आली तेव्हा सुईणीने जुन्या फडक्यात गुंडाळलेली पोर उकिरड्याच्या माथ्यावर ठेवली, तिथले गवत काढून मऊ जागा केली होती. सगळे घरात गेले. मला गावच्या बाजूने, वाटसरूसारखे यायचे होते. मी आलो. इतक्या वर्षांत मी किती खत उचलले असेल, पण त्या ढिगापाशी मी आधी दोन्ही हात धोतराला पुसले. पोर जागी होती. खतातली ऊब तिला लागत असावी, कारण ती रडत नव्हती, हाताची मूठ उघडून मिटत होती. मी तिला उचलले आणि घरापुढून चालू लागलो.

दारात सरू उभी होती, चौकटीला धरून. पदर नाकापर्यंत. आणि तिथे गाय नव्हती. ती माझ्याशीच बोलली.

"बुवा, काय घेऊन चालले?"

मला पढवले होते तसे मी म्हणालो, "उकिरड्यावर सापडले. कोणाचे आहे माहीत नाही."

"कोनाचंच नाही ते." तिने चौकट सोडून हात पुढे केले. "आमाले द्या. आमच्या घरी लेकरू नाही. काय घेसान?"

मी मूठभर कोंडा मागायचा होता. मागायला तोंड उघडले आणि निघाले ते वेगळेच.

"एक पाटी खत."

आतून उकर्डाजींचे खोकणे ऐकू आले. सरूने पदर किंचित मागे केला. एवढ्या दिवसांत मी तिचे डोळे पहिल्यांदा पाहिले. रडून लाल झालेले होते आणि त्यांत हसूही होते.

"एक पाटी लई होते, बुवा. पोट्टी केवढीशी हाय. अर्धी देतो."

वऱ्हाडात बायकाही 'देतो', 'करतो' असेच म्हणतात.

"अर्ध्या पाटीत परवडत नाही. खेडाहून आलो आहे."

"मंग अर्धी आज घ्या. राह्यलेली अर्धी पोट्टी पायानं चालाले लागल्यावर."

"कबूल," मी म्हणालो आणि पोर तिच्या हातांत दिली. तिने ती अशी ओढून घेतली की जणू मी खरेच घेऊन जाणार होतो.

उकर्डाजी बाहेर आले. त्यांनी कुदळ घेतली, उकिरड्यावर पहिला घाव घातला, पाटी अर्धी भरली, वरून हाताने सारखी केली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. "चला पाव्हने. आता बाकीचंबी काढू. बुडाचा हातभर थर राहू द्या, बस."

त्या दिवशीच लागवड सुरू केली. माझी अर्धी पाटी पहिल्या सरीत गेली. चार मोड मोडले होते, बाकी सगळे सलामत. बटाट्याच्या फोडी करताना प्रत्येकीला दोन डोळे ठेवायचे, कापलेली बाजू राखेत बुडवायची, हे मी गणपतला पुन्हा करून दाखवले. त्याला येत होते, पण तो ऐकत राहिला. वरंब्याच्या कडेला मेथी फेकली. अमरावतीचे शेण, गणपतने आणलेली सरकी आणि चुलीची राख यांचा नवा खड्डा जुन्या जागेच्या शेजारी भरला. सरकीवर पाणी मारताना गणपत म्हणाला, "यंदा इथे कपाशी उगवली तर मी गाव सोडीन." उगवली नाही. मी निघेपर्यंत खड्ड्यातून वाफ येत होती, एवढे मी पाहिले.

बटाटे वर आलेलेही पाहिले. पहिली मातीची भर दिली त्या दिवशी तुळशीराम बांधावर येऊन उभा राहिला. त्याने पाने निरखली, मेथीची काडी तोडून चघळली आणि विचारले, "बरं हे आलू निंगल्यावर पावसाळ्यात काय? पराटी ना?"

गणपत वाकलेला होता तो तसाच राहिला. मीही खुरपे थांबवले.

"जवारी," उकर्डाजी म्हणाले. "अन् मंधात तूर."

"जवारी? या भावात?"

"लेकरू झालं न. घरामांगं उकिरडा पायजे." ते मोटेकडे वळले. "कडब्याबिगर शेन कुठचं, तुळशीराम. तुह्या बैलाईच्या भरवशावर किती दिस राहू?"

गणपतने खाली तोंड करूनच पुढच्या वरंब्याला माती लावायला घेतली, पण हात भराभर चालत होते.

मी निघालो त्या सकाळी गाडी अंगणात जुंपलेली होती. उकर्डाजींनी पागोटे बांधले, गणपतने माझ्या रिकाम्या गोण्यांत सरूने केलेली मुगाची दाळ आणि जवस भरून दिले. सरू गोठ्याच्या दारात होती, छातीशी पोर. सौदा संपला होता, त्यामुळे पदर पुन्हा नाकापर्यंत आणि बोलणे पुन्हा गाईशी.

"कपिले," ती म्हणाली, "पाव्हन्याले सांग, अर्धी पाटी अजून आमच्याकडे राह्यली हाय. पोट्टी चालाले लागली का न्यायले या म्हना."

मी कपिलेच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला सांगितले की येतो.

घरी येऊन आता महिना झाला. आमच्या परसात उकिरडा आहे, दर उन्हाळ्यात मी तो पुरता उपसून शेतात नेतो, जमीन खरडून. यंदा गड्यांना सांगितले आहे की बुडाचा हातभर थर राहू द्या.